पश्चिम भागातल्या बायकांनी बसवलेली खिडकी



गावात देवळाचा सभामंडप बांधायला काढला की वर्गणी निघते आणि काम झालं की भिंतीत संगमरवरी पाटी बसते. पुढच्या वेळी देवळात गेलात तर ती पाटी नीट वाचून बघा. श्री. अमुक यांजकडून पाच हजार एक, श्री. तमुक यांजकडून दोन हजार एक. बाईचं नाव शोधलं तर सापडतं, पण बहुतेक वेळा त्याच्या आधी 'कै.' असतं आणि नंतर 'यांच्या स्मरणार्थ'. आमच्या गटांतल्या बायका यावर हसतात. म्हणतात, पाटीवर यायला आधी वर जावं लागतं!

आज अशाच एका पाटीबद्दल बोलायचं आहे. ती दगडाची नाही, काचेची आहे. पाचशे वर्षांची आहे. आणि तिच्यावर जित्याजागत्या बायकांनी दिलेल्या पैशांची नोंद आहे. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या खिडकीत ती आहे. आम्ही काही तिथे गेलेलो नाही. बीएला इतिहास घेतला होता, तेव्हापासून वाचनाची सवय लागली. पुस्तकांतून आणि फोटोंतून जे कळलं ते सांगतो.

इंग्लंडच्या नकाशात खाली डाव्या कोपऱ्यात जमिनीचं एक टोक समुद्रात शिरलेलं दिसतं. तो कॉर्नवॉल. वारा-पावसाचा, खडकाळ मुलूख. भांड्यांना कल्हई करायला लागतं ते कथील तिथल्या जमिनीत निघायचं. मधोमध बॉडमिन मूर नावाचा मोठा उघडा माळ आहे, आणि त्या माळाच्या दक्षिण कडेला सेंट नीअट नावाचं गाव. नीअट हा नवव्या शतकातला साधू. त्याच्या अस्थी दहाव्या शतकात इंग्लंडच्या पार पूर्वेकडच्या एका मठात नेल्या गेल्या आणि तिकडेही त्याच्या नावाचं शहर उभं राहिलं. या गावाकडे राहिलं साधूचं नाव, त्याची विहीर आणि त्याच्या गोष्टी.

आता या चर्चला 'पॅरिश चर्च' म्हणतात. पॅरिश म्हणजे एका चर्चची ठरलेली हद्द. एक मुख्य गाव आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या, आपण पंचक्रोशी म्हणतो तसंच. हद्दीतल्या माणसाचं बारसं, लग्न, मयत त्याच चर्चमध्ये. हद्दीतल्या प्रत्येकाने पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. ती काही खुशीची देणगी नव्हती, वसुली होती.

एवढं देऊनही इमारतीचा खर्च लोकांच्या डोक्यावर होताच. इंग्लंडात तेराव्या शतकापासून त्याची वाटणी ठरलेली होती. चर्चचा पूर्वेकडचा भाग, जिथे वेदी असते आणि पाद्री पूजा करतो, तो आपल्या गाभाऱ्यासारखा समजा. तो भाग सांभाळायचा धर्मगुरूने, म्हणजे जो दशमांश घेतो त्याने. त्याच्या अलीकडचा मोठा भाग, जिथे लोक जमतात, तो सभामंडप. तो बांधायचा, शाकारायचा, दुरुस्त करायचा लोकांनी. छप्पर गळलं तर गाव बघेल. त्यामुळे झालं असं की पुष्कळ गावांत गाभारा लहान आणि साधा राहिला, पण लोकांचा भाग वाढत वाढत गेला. जे आपलं आहे त्याला माणूस हात सैल सोडतो.

सेंट नीअटचं चर्च असंच वाढलेलं. पश्चिमेच्या टोकाला चौकोनी मनोरा आहे, तो चौदाव्या शतकातला. बाकीचं चर्च बहुतेक पंधराव्या शतकात नव्याने बांधलं. दगड ग्रॅनाइट. तो इतका कठीण की त्यात बारीक नक्षी काढायची म्हणजे छिन्न्या झिजवायच्या. म्हणून कॉर्नवॉलची चर्चं बाहेरून धिप्पाड आणि साधी दिसतात. जागा कमी पडली तेव्हा त्यांनी आपण घराला करतो तेच केलं. सभामंडपाच्या दक्षिणेला आणि उत्तरेला पडव्या काढल्या. फक्त या पडव्या उतरत्या आणि बुटक्या नाहीत. सभामंडपाएवढ्याच लांब आणि जवळपास तेवढ्याच उंच. मधली भिंत काढून तिच्या जागी खांब आणि खांबांवर कमानी. आत उभं राहिलं की तीन दालनं शेजारी-शेजारी दिसतात. वर लाकडी छत. त्याला तिकडे गाडीचं छत म्हणतात, कारण टप घातलेल्या गाडीत बसून वर पाहिलं की जसं दिसतं तसं ते दिसतं. आपल्याकडच्या जुन्या दमणीचा टप ज्यांनी पाहिला असेल त्यांना लगेच कळेल.

पडव्यांच्या भिंती मात्र भिंती म्हणाव्यात का, असा प्रश्न पडावा, इतक्या मोठ्या खिडक्या त्यांत आहेत. पंधराव्या शतकात इंग्लंडात रुंद खिडक्यांची पद्धत होती. खिडकीला दगडाच्या उभ्या दांड्या घालून तिचे तीन-चार उभे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात रंगीत काचेचं चित्र बसवायचं. सेंट नीअटच्या या काचा साधारण १५०० ते १५३० या काळातल्या. इंग्लंडातल्या खेड्यांच्या चर्चमध्ये एवढी जुनी काच एका जागी फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

ही काच कशी करत, हे वाचताना आम्हाला फार मजा वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाळू आणि लाकडाची राख एकत्र भट्टीत वितळवली की काच होते. रंग वरून लावायचा नाही, वितळलेल्या काचेतच धातू मिसळायचा. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल. लाल काच इतकी गडद व्हायची की उजेडच येईना, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवायचे. इंग्लंडमध्ये तेव्हा साधी पांढरी काच होई. रंगीत काच समुद्रापलीकडून, आजच्या फ्रान्स-जर्मनीकडून जहाजाने यायची. म्हणजे किंमत समजून घ्या. कारागीर चुना फासलेल्या मोठ्या फळीवर खऱ्या मापाचं चित्र काढायचा. त्यावर काच ठेवून, तापलेल्या लोखंडाने तडा देऊन तुकडे पाडायचा आणि कडा हत्याराने कुरतडून आकारात आणायचा. मग चेहऱ्याच्या रेघा, पदराच्या चुण्या काळपट तपकिरी रंगाने रंगवून तुकडे पुन्हा भट्टीत भाजायचे. केसांना, मुकुटांना जो पिवळाधमक रंग दिसतो तो चांदीचा. काचेच्या मागच्या बाजूला चांदीचा लेप द्यायचा, भाजला की तो पिवळा होतो. शेवटी शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत सगळे तुकडे अडकवायचे आणि सांध्यांना शिसं-कथिलाचा डाग द्यायचा. शिसं मऊ असतं, वाऱ्याने वाकतं. म्हणून आडव्या लोखंडी सळया टाकून सगळं बांधून घ्यायचं. वाकळ शिवण्यासारखंच काम, फक्त चिंध्यांच्या जागी काच आणि दोऱ्याच्या जागी शिसं.

चित्रं कशाची? पूजा लॅटिन भाषेत चालायची. ती गावकऱ्यांना समजत नव्हती, आणि वाचता येणारे थोडे. त्यामुळे कथा डोळ्यांनी वाचायच्या. एका खिडकीत जगाची निर्मिती आहे, देव हातात कंपास घेऊन मोजमाप करतोय. एका खिडकीत नोहाचा महापूर आणि त्याचं तारू. एका खिडकीत गावच्या नीअट साधूच्या गोष्टी. त्यातली एक ऐका. साधूच्या विहिरीत तीन मासे होते. देवदूताने सांगितलं होतं, रोज एकच खा, तीन कायम राहतील. साधू आजारी पडला. सेवकाला वाटलं, धन्याला जरा ताकद येऊ दे, म्हणून त्याने दोन मासे धरून रांधले. ताट समोर आलं तेव्हा साधू घाबरला, मासे परत विहिरीत सोडायला लावले, आणि रांधलेले मासे पोहायला लागले. दुसरी गोष्ट अशी की चोरांनी साधूचे बैल नेले, तर रानातली काळविटासारखी मोठी हरणं येऊन औताला उभी राहिली. चोर ते बघून ओशाळले आणि बैल परत घेऊन आले.

आता मुद्द्याकडे येतो. एवढ्या महागाच्या काचेचे पैसे कुणी दिले?

काही खिडक्या तिथल्या खात्यापित्या घराण्यांनी दिल्या, आणि त्यांची नावं त्या खिडक्यांना अजून आहेत. पण उत्तरेच्या पडवीत तीन खिडक्या अशा आहेत की त्या कुणा एका घराच्या नाहीत. नीअट साधूच्या गोष्टींची खिडकी गावच्या तरुण मुलांनी १५२८ साली दिली. तिच्या शेजारधर्माने म्हणा, १५२९ साली एक खिडकी बिनलग्नाच्या मुलींनी दिली. आणि या दोघांच्या आधी, १५२३ साली, एक खिडकी गावच्या बायकांनी दिली. तिच्या तळाशी लॅटिनमध्ये लिहिलं आहे की या पॅरिशच्या पश्चिम भागातल्या बायकांच्या खर्चाने ही काच बसली.

पश्चिम भागातल्या! आपल्या गटांची नावं आठवा. खालच्या आळीचा गट, वेशीबाहेरचा गट. पॅरिश मोठी, वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे एका बाजूच्या बायकांनी मिळून पैसे उभे केले, असंच ते दिसतं. खिडकीच्या चार भागांत चार मोठी चित्रं आहेत. त्यांत एक येशू, आणि एक मेरी, जिच्या मांडीवर तिच्या मेलेल्या लेकाचा देह आहे. एक चित्र मॅबिना या तिथल्याच संत बाईचं. आणि खाली, संतांच्या पायाशी, गुडघे टेकून हात जोडलेल्या बायकांच्या रांगा. डोक्याला वस्त्र, एकीमागे एक. मुलींच्या खिडकीतही खाली तशाच मुलींच्या रांगा आहेत. त्यांनी आपल्या खिडकीत ब्रिखन राजाला घेतलं आहे. त्याला ढीगभर लेकरं होती आणि ती सगळी संत झाली, अशी कथा. त्याच्या मांडीवरच्या वस्त्रात चिमुकली लेकरं दाटीवाटीने बसलेली दाखवली आहेत. बिनलग्नाच्या पोरींनी हे चित्र का निवडलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

'बायकांच्या खर्चाने' हे शब्द आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. का, ते सांगतो. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालं की बाईचा पैसाअडका, जनावरं, भांडीकुंडी नवऱ्याची होत. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नव्हतं. हा कायदा बदलायला १८७० आणि १८८२ साल उजाडलं. म्हणजे १५२३ मध्ये कायद्याने या बायकांकडे खर्चायला स्वतःचं काही नव्हतंच. तरी काचेवर 'पश्चिम भागातल्या नवऱ्यांनी दिली' असं लिहिलेलं नाही. गावाने, पाद्रीने, कारागिराने, सगळ्यांनी मान्य केलं की हा पैसा बायकांचा.

तो यायचा कुठून? इंग्लंडच्या खेड्यांत तेव्हा बायका सूत कातायच्या, लोणी आणि अंडी बाजारात विकायच्या, जवाची हलकी बिअर घरी गाळून विकायच्या. थोडक्यात, आपल्यासारखंच. कोंबडीचा पैसा आणि दुधाचा पैसा. त्याला घरात कुणी उत्पन्न म्हणत नाही, पण पोरांच्या वह्या त्यातूनच येतात. पुष्कळ पॅरिशमध्ये बायकांची वर्गणी काढायची एक गमतीची रीतही होती. ईस्टरच्या सणानंतर दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस असायचे. एके दिवशी बायका दोर घेऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना अडवून बांधायच्या, आणि पैसे दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरुषांची पाळी. जमलेला पैसा चर्चला. जुन्या हिशेबांत दिसतं की बायकांची कमाई बहुधा पुरुषांपेक्षा जास्त असायची. मरताना बायका चर्चला अंगठी द्यायच्या, चांगला झगा द्यायच्या, डोक्याचा रुमाल किंवा पलंगपोस द्यायच्या, तो वेदीवर अंथरायला यायचा. वेदीची वस्त्रं धुण्याचं कामही बायकांकडे असे, आणि हिशेबाच्या वह्यांत त्या धुणीचे पैसे दिल्याच्या नोंदी आहेत.

असे गट चालायचे कसे, हे कॉर्नवॉलच्या शेजारच्या डेव्हन प्रांतातल्या मोरबाथ नावाच्या लहानशा गावाच्या वहीतून कळतं. जेमतेम तीस-पस्तीस घरांचं गाव. तिथे क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा पाद्री १५२० पासून १५७४ पर्यंत होता. एकाच गावात चोपन्न वर्षं! तो चर्चच्या सगळ्या गटांचे हिशेब स्वतः लिहायचा आणि लोकांपुढे मोठ्याने वाचायचा. इतिहासकार इमन डफी यांनी त्या वहीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आम्ही वर्षभर गटांच्या वह्या तपासत फिरतो, त्यामुळे हा पाद्री आम्हाला जवळचा वाटला. 'अ' श्रेणी दिली असती. अर्थात, बेरजा तपासून.

या गावात तरुण मुलांचा एक गट होता आणि मुलींचा एक. मुलींच्या गटाला दर वर्षी दोन कारभारणी नेमत. त्या वर्षभर पैसे गोळा करत. त्या पैशांतून मूर्तींपुढच्या मेणबत्त्या तेवत ठेवायच्या आणि वर्षाअखेर शिल्लक सांगून वही पुढच्या दोघींच्या हवाली करायची. पदाधिकारी बदलायचे कसे, यावर आपण प्रशिक्षणात तास-तास बोलतो; तिथे सोळा-अठरा वर्षांच्या पोरी ते करत होत्या. चर्चच्या मुख्य कारभाऱ्याचं काम घरटी पाळीने येई. घर बाईचं असेल, म्हणजे ती विधवा असेल, तर ते काम तीच करी. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, त्या घराघरांत एक-एक, दोन-दोन वाटून दिलेल्या. राखणारा राखायचा, लोकर चर्चच्या खात्यावर. कुणाकडची मेंढी मेली, कुणाकडच्या मेंढीला कोकरू झालं, सगळं वहीत. आपल्या शेळीगटांतल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग वरून हुकूम यायला लागले. राजा आठवा हेन्री याचं रोमच्या पोपशी फाटलं आणि इंग्लंडचं चर्च वेगळं झालं. १५३८ मध्ये हुकूम निघाला की मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत. वाचताना एवढंच वाटतं, मेणबत्ती तर बंद झाली. पण मुलींचा गट मेणबत्तीसाठीच होता. मेणबत्ती गेली की वर्गणी गेली, कारभारणी गेल्या, गट संपला. १५४७ मध्ये हेन्रीचा लहानगा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या राज्यात मूर्ती काढल्या, भिंतीवरची चित्रं चुन्याने पुसली, धार्मिक गटांची मालमत्ता सरकारजमा झाली. मोरबाथला चर्चच्या मेंढ्याही विकाव्या लागल्या. ट्रिकीने मयताच्या पूजेसाठी काळी वस्त्रं घ्यायची म्हणून वीस वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले होते. ती वस्त्रं १५४७ मध्ये पुरी झाली आणि लगेचच ती पूजाच बंद झाली.

१५४९ मध्ये पूजा इंग्रजीतच करायची, असा हुकूम आला तेव्हा कॉर्नवॉल आणि डेव्हन उठले. कॉर्नवॉलच्या कितीतरी लोकांची भाषा कॉर्निश. त्यांना इंग्रजीही येत नव्हती. मोरबाथच्या तरुणांनाही गावाने खर्च देऊन बंडाला पाठवलं होतं, असं डफी वहीच्या आधारे सांगतात. बंड मोडलं, हजारो माणसं मेली. काही वर्षांनी मेरी राणी आली आणि जुनी पूजा परत आली, तेव्हा मोरबाथच्या घराघरांतून वस्तू बाहेर निघाल्या. लोकांनी चर्चच्या वस्तू आपापल्या घरांत लपवून ठेवल्या होत्या. पाद्रीने कुणी काय परत आणलं ते वहीत लिहून ठेवलं.

सेंट नीअटच्या काचा या सगळ्यातून वाचल्या. पुष्कळ चर्चमध्ये काचा फुटल्या. पण खिडकी फोडायची तर पाऊस-वारा आत येतो आणि साधी काच बसवायलाही पैसे लागतात, हेही तेव्हाच्या कारभाऱ्यांना कळत होतं. तीनशे वर्षांत शिसं झिजलं, तुकडे निखळले. १८२६ च्या सुमारास तिथल्या एका पाद्रीने स्वतःच्या खर्चाने सगळ्या खिडक्यांची डागडुजी करून घेतली. त्यात काही काच नवी आली, काही तुकडे इकडचे तिकडे झाले. बायकांच्या आणि मुलींच्या खिडक्या आपल्या पडवीत आहेत, १५२३ आणि १५२९ ही सालं त्यांच्यावर आहेत, आणि ते चर्च अजून चालू आहे. मोबाईलवर फोटो बघितलात तर नजर आधी वरच्या मोठ्या संतांवर जाते. बोट लावून चित्र खाली सरकवा, म्हणजे रांगा दिसतील.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या पावसाळ्याआधीच्या लसीकरणाबद्दल बोलू. नमस्कार.